हातोहात

"धर गं, धर, पडंल!"

एवढंच ऐकू आलं आणि माझ्या मांडीवर एक बाळ आलं.

कुणी दिलं ते दिसलं नाही. गर्दीतून कोपरापर्यंतचे दोन हात पुढं आले, हिरव्या बांगड्यांचे, आणि हातांच्या टोकाला लोकरीच्या टोपीतलं, दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं. मी ते घेतल्याबरोबर हात मागं गेले आणि गर्दी पुन्हा मिटली, घागर बुडाल्यावर विहिरीचं पाणी मिटतं तशी.

"कुणाचं हाय?" मी शेजारच्या बायाक्काला विचारलं.

"असंल कुणाचं तरी." बायाक्काच्या मांडीवर पाच डबे, दोन पिशव्या आणि कोबीचा एक गड्डा होता. "ह्या कोबीला मी इचारलं का, बाबा तू कुणाचा? मग पोराला कशाला इचारतीस? उतरताना नेतील ज्याचं त्ये."

औद्योगिक वसाहतीकडं जाणाऱ्या त्या सकाळच्या बसला आम्ही बायका 'म्हस' म्हणायचो. थांब्यावर यायची तीच मुळी एका कुशीवर कलून, दोन्ही दारांतून माणसं सांडत. आली म्हस, म्हणायचं आणि पदर खोचायचा. मागच्या दारातून आत शिरायला दोन्ही हात लागायचे. एका हातात डबा असला तर तुम्ही खालीच राहिला म्हणून समजा. त्यातनंच एक रीत पडली होती. सामान आधी खिडकीतून आत द्यायचं. डबा असेल तर डबा, पोर असेल तर पोर. मग मोकळ्या हातांनी आपण चढायचं. आतल्यांनी ते सामान हातोहात पुढं न्यायचं, जिथं कुणी बसलेलं असेल तिथवर. ज्याला बसायला मिळालं त्याची मांडी सगळ्यांची, हा म्हशीतला कायदा. एकदा माझ्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी आली होती. शेवटच्या थांब्यावर तिची मालकीण आली, कोंबडीला नावानं हाक मारली आणि घेऊन गेली. कुणाचं काही हरवलं असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

मी पहिल्या थांब्यावर चढायची, म्हणून मला जागा मिळायची. तीही डायवरच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या बॉनेटला लागून असलेल्या आडव्या सीटवर. पायांना ऊब आणि समोर मोठी काच. एरवी मी त्या काचेतून रस्ता बघत जायची. त्या दिवशी काचेत रस्ता नव्हताच. पौषातलं धुकं होतं, नदी रात्रभर चुलीवर ठेवली असावी असं. रस्त्याकडेची झाडं एकेक करून पुढं यायची, तोंड दाखवायची आणि निघून जायची. मधेच गुऱ्हाळाचा वास यायचा, काहिलीत रस आटतानाचा, गोड आणि जरासा जळका. गुऱ्हाळ मात्र दिसायचं नाही. बस चालली आहे की नुसतीच थरथरत उभी आहे आणि जगच मागं सरकतंय, ते कळत नव्हतं. आत बायका-पुरुष उभ्यानं झोपले होते. पडायला जागा नव्हती म्हणून कुणी पडत नव्हतं.

त्यात ते बाळ. कानाजवळ काजळाची तीट, गालावर ओघळून सुकलेली लाळ, टाळूला तेल आणि उदाचा वास. झोपेत ते ओठ हलवत होतं, चुटुक चुटुक, काही नसताना पीत असल्यासारखं. माझी बोटं फौंड्रीतल्या वाळूनं खरखरीत झालेली. तिथं ओतकामासाठी वाळूचे कोअर, साच्यात बसवायचे गाभे, करायचं काम होतं माझं. त्या बोटांनी त्याच्या गालाला हात लावावा की नाही, असं वाटत राहिलं. मग लावला. ते हललं नाही. मी डोळे मिटले. वाटलं, ही बस अशीच जाऊ दे. कारखाना येऊ नये, थांबा येऊ नये, 'दे गं माझं' म्हणत कुणी येऊ नये. बाळ, धुकं आणि इंजिनाची घुरघुर. बास.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. छातीशी काहीतरी ऊन ऊन झालं म्हणून मला जाग आली. वाटलं, पोरानं कार्यक्रम केला. दुपटं चाचपलं तर कोरडं.

ओला झाला होता तो माझा ब्लाऊज.

मी स्वेटर ओढून घेतला, पण बायाक्काच्या नजरेतून सुई सुटायची नाही. तिनं कोबी एका हाताला घेतला, दुसऱ्या हातानं आपला पदर माझ्या खांद्यावरून पुढं घातला आणि समोर काचेकडं बघत, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं,

"तुझं किती म्हैन्याचं?"

"आठवा लागलाय."

"पोरगा?"

"पोरगी. तनू."

"कुठाय?"

"गावाला. आईकडं."

"कवापास्नं?"

"तीन आठवडं झालं."

बायाक्कानं कोबी परत मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आन् मला वाटलं, तू नवी नवरी हैस. रोज एवढी झोपेत असतीस."

झोपेत नसायची मी. पण ते कुठं सांगत बसू? आमची खोली म्हणजे एक भिंत स्वयंपाकाची, एक भिंत अंथरुणाची. त्यात आम्ही दोघं, दीर, आणि दिराचा एक गाववाला. नवरा रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपायचा. फौंड्रीतलं माझं काम टेंपरवारी. खाडा पडला की नाव कमी. पोर सांभाळायला माणूस नाही, टाकायला जागा नाही. सासू म्हणाली, वर्षभर राहू दे आजीजवळ, काय बिघडतंय. नवरा म्हणाला, जागा कुठाय. दीर काही म्हणाला नाही, पण त्यानं पाय पसरले. आणि सगळ्यांच्या नंतर मीही म्हणाले, खरंच की, जागा कुठाय. मग तनूला आईच्या हातात देऊन मी एसटीत बसले. घट्ट पट्टा बांधला, पाणी कमी केलं, आणि दूध आटलं असं मी धरून चालले होते.

बाळानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. ही कोण, असा नीट विचार केला आणि भोकाड पसरलं.

"आली बघ पंचाईत," बायाक्का म्हणाली आणि मान वळवून ओरडली, "ए! कुणाचं पोर हाय गं? रडतंय! आई कुठाय ह्याची?"

हाक मागं निघाली. बसमध्ये माणसाला मागं जाता यायचं नाही, पण शब्द जायचा. एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसऱ्याला. पोराची आई कुठाय... पोराची आई... आई कुठाय... प्रत्येकाच्या तोंडी तो जरा हळू होत, झोपेत बोलल्यासारखा मागं मागं गेला आणि बुडाला. आम्ही वाट बघत बसलो. पोर रडत होतं. मी त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं, टोपी काढली, पुन्हा घातली. ते रडलं की माझ्याकडं आणखी ओलं व्हायचं. आमच्या दोघांचा काहीतरी परस्पर ठराव झाला होता, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर आलं तेही तसंच, तोंडातोंडातून. आमच्यासमोर दांड्याला लोंबकळणारी मंदा नावाची एक पोरगी होती. शेवटी तिच्या तोंडून ते बाहेर पडलं.

"मागच्या दारात हाय म्हणं."

"मग पुढं पाठवा की तिला," बायाक्का म्हणाली.

मंदानं ते मागं सांगितलं. पुन्हा वाट. पुन्हा मंदा, पण या वेळी तिची झोप उडालेली.

"आत न्हाई ती. दाराच्या भाईर हाय. एक पाय पायरीवर हाय, दुसरा न्हाईच म्हणं टेकल्याला. मघापास्नं तशीच हाय."

"मग खालीच का ऱ्हायली न्हाई? मागची बस हाय की!" कुणीतरी पुरुष म्हणाला.

"पोर आत आल्यावर?" बायाक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मफलर तोंडावर ओढून घेतला.

मला ते सगळं एकदम दिसलं, धुक्यासकट. तिनं पोर खिडकीतून आत दिलं असणार. मग दाराशी गेली असणार, आणि दारात माणसांची भिंत. दांडा हाताला लागलाय, पायाला जरा पायरी, आणि बस हलली. सोडावं तर पोर गेलं. आतल्यांना वाटलं, पोर आलं म्हणजे आई आलीच. मागच्यांना वाटलं, पुढच्या दारानं चढली. पुढच्यांना वाटलं, मागं हाय. आणि ज्याच्या त्याच्या हातून पोर मात्र नीट, न पडता, न आपटता, ऊब असलेल्या जागी येऊन पोचलं. आमच्या रीतीत कुठं म्हणून कुठं चूक झाली नव्हती.

"घंटी मारा की कुणीतरी," मी म्हणाले.

"दोरी तुटल्याली हाय," मंदा म्हणाली. "दिवाळीपास्नं."

कंडक्टर मधेच कुठंतरी अडकला होता. त्याचा आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. तो पत्र्यावर थापा मारत होता, पण त्या बसचा अख्खा पत्राच इतका वाजायचा की थाप कुठली आणि खडखडाट कुठला?

मी डायवरकडं वळले. डवरीमामा. पिकल्या मिशा, कानाला मफलर, मान पुढं काढून धुक्यात रस्ता हुडकत होते.

"मामा, गाडी थांबवा."

"हितं?"

"मागच्या दारात एक बाई लटकलीय."

"रोजच लटकत्यात," मामा म्हणाले. वाईट माणूस नव्हता. गाडी थांबवली की खालचे आणखी चार चढायचे, आणि रोज मागून कुणी ना कुणी ओरडायचंच. त्यांनी ते ऐकणं सोडून दिलं होतं. "आन् हितं मधीच उभी केली तर मागनं ट्रक येऊन बसंल. धुकं बघतीस न्हवं?"

तेवढ्यात धुक्यातून काहीतरी काळं, केसाळ पुढं आलं. आधी वाटलं झाड. मग वाटलं टेकडी. मग ते हलतंय हे दिसलं. उसाची ट्रॉली होती, एकीला एक जोडलेल्या दोन, पुढं कुठंतरी ट्रॅक्टर. मागं दिवा नाही, लाल चिंधी नाही. चाकं दिसत नव्हती इतका ऊस भरलेला, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, टोकं भाल्यासारखी रस्त्यावर झुलत होती. ती सगळी टेकडी डुलत डुलत चालली होती, झोपेत चालल्यासारखी.

डवरीमामांनी हॉर्न दिला. ट्रॅक्टरवर गाणी लागली होती, तो कशाला ऐकतोय? मामांनी गिअर खाली ओढला आणि चाक उजवीकडं वळवायला घेतलं.

म्हणजे ट्रॉली आमच्या डाव्या अंगानं जाणार. दारं डाव्या अंगाला.

त्या रस्त्यानं रोज येणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. उसाच्या ट्रॉलीला घासून जाताना खिडकीतली माणसं हात आत घेतात. बसच्या पत्र्यावर उसाचे ओरखडे असायचे, लांबच लांब, नांगर फिरवल्यासारखे.

"मामा, नका! ती बाई भाईर हाय! ऊस लागंल तिला!"

"तिला आत व्हायला सांगा!"

"आत जागा न्हाई!"

"मग मी काय करू?" मामा भडकले. एक डोळा ट्रॉलीवर, पाय दाबलेला. "माझ्या मांडीवर घिऊ व्हय तिला?"

आता विचार केला तर वाटतं, ते तसं म्हणाले नसते तर मला सुचलंच नसतं. मी उठले. बॉनेटवर एक गुडघा टेकला, वाकले, आणि ते रडणारं पोर दोन्ही हातांनी धरून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"तिला न्हाई," मी म्हणाले, "ह्याला घ्या. तुमीबी बसल्यालंच हाय नव्हं?"

"अगं ए! येड लागलंय का तुला? उचल आदी!"

"न्हाई उचलत. ह्याची आई आत आल्यावर उचलतो."

माझे हात पोराखाली होते. मी सोडलं नव्हतं. पण मामांना ते दिसत नव्हतं, आणि त्या वेळी कळू द्यायचं माझ्या मनातही नव्हतं. पोरानं मफलर धरला आणि थेट त्यांच्या कानात किंचाळलं. बस पुढं गेली, जराशी, ट्रॉलीचा उजवा कोपरा आमच्या काचेला आला. एक ऊस काचेवरून सरकत गेला, बाहेर नख ओढल्यासारखा. मग इंजिनाचा सूर खाली आला. मामांनी पाय काढला होता. टेकडी पुढं निघाली. आधी उसाची टोकं धुक्यात गेली, मग सगळा ऊस, आणि शेवटी त्यातलं गाणं तेवढं राहिलं. थोड्या वेळानं तेही राहिलं नाही.

मामांनी बस हळूहळू कडेला घेतली, एका बाभळीखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं.

इतकी शांतता मी म्हशीत कधी ऐकली नव्हती. माणसं श्वास घेताना ऐकू येत होती. मामांचा एक हात चाकावर होता. दुसरा पोराखाली होता, माझ्या हाताच्या खाली. तो तिथं कधी घातला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"उचल आता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मान धर. मान धर तेची."

कंडक्टर खिडकीतून उतरला. खरंच, खिडकीतून, दोघांनी त्याचे पाय धरले होते. दारातल्या एकाला त्यानं मागून येणाऱ्या गाड्यांना मफलर दाखवायला रस्त्यावर उभं केलं. मग मागच्या दारातून त्याचा आवाज आला.

"बाई, सोडा आता. गाडी थांबलीया. सोडा की... बाई, सोडा."

ती सोडत नव्हती. बोटं उघडत नव्हती तिची. कंडक्टरनं एकेक बोट दांड्यावरून सोडवलं, असं नंतर मंदानं सांगितलं. मग तो आमच्याकडं तोंड करून, रोज जे ओरडायचा तेच ओरडला, "पुढं सरका!" रोज त्यावर हसायचे लोक. एकमेकांच्या अंगावर सरकू का, म्हणायचे. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. प्रत्येकजण थोडं सरकला. कुणी पिशवी पायात घेतली, कुणी कूस वळवली, कुणी पोट आत ओढलं. ती लाट मागून पुढं आली, माझ्या गुडघ्याला लागली आणि थांबली. आणि गर्दीत एक वाट उघडली, एका बाईपुरती.

बसमध्ये जागा होती.

ती आली. माझ्याच वयाची, बारकी. केस धुक्यानं पांढरे झालेले, पापण्यासुद्धा. एका पायात चप्पल नव्हती. एका हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. नाव बानू, हे नंतर कळलं. तिनं पोराकडं बघितलं, रडली वगैरे नाही. म्हणाली,

"टोपी उलटी घातलीया कुणी?"

"मी," मी म्हणाले. "घ्या."

तिनं हात पुढं केले. ते वाकडेच राहिले होते, दांडा अजून हातात असल्यासारखे. पोर त्यात टिकलं नसतं. बायाक्कानं कोबी-डबे सगळं मंदाच्या गळ्यात घातलं, स्वतः उठली आणि बानूला माझ्याशेजारी बसवलं. आणि तिचे ते हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला लागली.

"थोडा येळ तूच धर गं त्याला," बानू मला म्हणाली. "माझी बोटं अजून माझी न्हाईत."

पोर रडून रडून निळं व्हायला आलं होतं. बानूनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या स्वेटरकडं बघितलं.

"तुला हाय नव्हं? मग पाज की."

मी बायाक्काकडं बघितलं. बायाक्कानं पदराचा आडोसा केला आणि समोरच्या पुरुषांना म्हणाली, "ए बाबांनू, तिकडं तोंड करा. खिडकीत बघा."

"खिडकीत काय न्हाई मावशी, नुसतं धुकं हाय."

"मग धुकं बघा!"

सगळ्यांनी धुकं बघितलं. मामांनीही. गाडी सुरू केली त्यांनी आणि अशी चालवली, जशी अंडी भरलेली बैलगाडी. पोराचं रडं मधेच तुटलं, आणि मग बसमध्ये घुटक्यांचा आवाज तेवढा यायला लागला. तीन आठवडे मी दगड बांधून चालत होते. ती गाठ सुटत गेली. माझे डोळे मिटले आणि आपण बसमध्ये आहोत की नदीत आहोत, ते मला कळेना.

"दोनदा सोडावं वाटलं," बानू माझ्या कानाशी बोलत होती, हळू, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगितल्यासारखं. "हाताला कळा लागल्या. म्हटलं पडू, काय हुईल ते हुईल. मग म्हटलं, मी पडलो तर ह्यो कुणाच्या घरी जाईल गं? कुणाला ठाव हाय, ह्यो कुणाचा? ह्याला सोताला तरी कुठं माझं नाव सांगता येतंय?"

मी पोराची टोपी सरळ केली.

"आता ह्यो तुझाबी झाला," ती म्हणाली. "आमच्यात दुधाचं नातं रक्तासारखं धरत्यात. तुझं काय हाय? पोरगी? मग भन झाली ती ह्याची. तिला कोण बघतंय?"

"गावाला हाय. हितं जागा न्हाई."

"जागा?" बानूला ते कळलंच नाही बहुतेक. "मी क्यांटीनच्या मागं चिंचंला झोळी बांधतो. भांडी घासताना समोर दिसतोय ह्यो. दुसऱ्या फांदीला आणखी एक बसती की. आण तिला."

इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. बायाक्का तिचे हात चोळायची थांबली. "फौंड्री कितीशी लांब हाय तिथनं? जेवणाच्या सुट्टीत पाजून यायचं," ती म्हणाली. "साहेबाला मी बघतो."

शेवटच्या थांब्यावर पोर झोपलेलं होतं. बानूनं ते घेतलं, बोटं आता मिटत होती. एका चपलेनं ती कँटीनच्या वाटेनं गेली आणि धुक्यात आधी तिचा पाय दिसेनासा झाला, मग साडी, मग पोराची टोपी. बायाक्का फौंड्रीच्या गेटकडं निघाली. मी तिच्याबरोबर गेटपर्यंत गेले. भोंगा झाला.

"आत येत न्हाईस?" तिनं विचारलं.

"खाडा पडंल आज."

"नाव कमी करतील."

"करू देत."

बायाक्कानं माझ्याकडं बघितलं.  माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं आणि आत गेली.

मी रस्ता ओलांडला. परत शहराकडं जाणारी बस आली. तिच्यात कुणी नव्हतं. कुणीच नाही. ज्या वेळी अख्खं शहर इकडं येतं त्या वेळी तिकडं कोण जाणार? एवढ्या सगळ्या सीटा, सगळ्या खिडक्या, सगळे दांडे माझ्या एकटीचे. मी आधी इथं बसले, मग तिथं बसले. कंडक्टर गालात हसला. धुकं वितळायला लागलं होतं आणि त्यातून एकेक शेत बाहेर येत होतं, ओलं, नवं, आत्ताच कुणीतरी केल्यासारखं.

स्टँडवर गाडी बदलून मी गावात पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई सोप्यात लसूण सोलत बसली होती. तनू सुपात बसून लसणाची सालं उडवत होती. सालं हवेत उडायची, ती तोंड वर करून बघायची. मी दारात उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं. खालचा ओठ पुढं आला, थरथरला, आणि माझी पोरगी मला बघून आजीच्या पदरात शिरली.

"अशी अवचित?" आई उठली. "काय झालं? जावई बरं हैत न्हवं? काम गेलं का?"

"जाईल बहुतेक. मी हिला न्यायला आलोय."

"न्यायला? कुठं न्यायला?"

मी उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसले. तनूकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि तिची सालं मी उडवायला लागले. थोड्या वेळानं पदराआडून एक डोळा आला. मग रांगत ती स्वतः आली, पण निम्म्यातच थांबली. मग आणखी जवळ आली. माझ्या स्वेटरला नाक लावलं. तिथं दुसऱ्याच कुणाचातरी वास होता, तेलाचा, उदाचा. तिनं कपाळाला आठी घालून तो दोनदा हुंगला, मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं, आणि दोन्ही मुठींनी माझा स्वेटर ओढायला लागली. रागानं. हे माझं आहे आणि इथं कोण येऊन गेलं, असा तो राग होता.

मी स्वेटरची बटणं काढली आणि तिला पदराखाली घेतलं. आई उभ्या उभ्या बोलत होती. "अगं, पण त्या एवढ्याशा खोलीत पोरीला ठेवणार कुठं? बघणार कोण? तुझ्या सासूला इचारलंस? जावयांना तरी ठाव हाय का? उद्या ही आजारी पडली तर? आन् त्या बसचं सांगत हुतीस तू, मुंगी शिरत न्हाई म्हणून, त्या बसमधनं लेकराला घेऊन..."

"आई," मी म्हणाले, "हळू बोल. झोपतीया."